कॅमेरा कुठून घ्यावा : बोरा बाजार की परदेशी दुकान

न्यूयॉर्कच्या दुकानाच्या पानावर २,००० डॉलर लिहिलेलं असतं. ८४ ने गुणलं की १,६८,००० रुपये होतात. तोच कॅमेरा मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारच्या दुकानात २,३६,००० ला सांगतात. बहुतेकांचा निर्णय इथेच होऊन जातो, आणि तो इथेच चुकतो. कारण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. अमेरिकेत दाखवलेली किंमत विक्रीकराआधीची असते. न्यू जर्सीत तिच्यावर ६.६२५ टक्के चढतात, न्यूयॉर्क शहरात ८.८७५. आपल्याकडची छापील किंमत सगळे कर धरून असते आणि दुकानदार सांगतो ती त्याहूनही खालची असते. तुलना करायची तर दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायचा : माझ्या हातात, माझ्या घरी, कागदपत्रांसह पडेपर्यंत किती?

२०२४ च्या दिवाळीआधी स्टुडिओसाठी एक फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा, लेन्सविना कॅमेरा) आणि एक झूम लेन्स घ्यायची होती. तीन वाटा तपासल्या : मुंबईतलं दुकान, परदेशी दुकानातून कुरियरने, आणि तिकडून येणाऱ्या माणसाच्या सामानातून. खालचे दर त्या वेळचे आहेत. दर अर्थसंकल्पात हलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते, म्हणून रीत नीट मांडतो.

आधी कुरियर. कस्टम ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. वाहतुकीचा खर्च कागदावर दिसत नसेल तर नियमानुसार किमतीच्या २० टक्के धरतात, आणि विमा दिसत नसेल तर १.१२५ टक्के. त्यामुळे ‘फ्री शिपिंग’ दिसलं की खूश होऊ नये. इनव्हॉइसवर वाहतुकीची रक्कम वेगळी लिहून मागावी, नाहीतर विनाकारण मोठ्या आकड्यावर कर भरावा लागतो. डॉलरचा भावही बँकेचा चालत नाही, सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला चालतो.

मग थर चढतात. पहिला मूळ सीमाशुल्काचा. दुसरा त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार. तिसरा आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, आणि तो या सगळ्या बेरजेवर, म्हणजे करावर कर. चाल कळण्यापुरतं शुल्क २० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. कॅमेरा १,६८,०००, वाहतूक आणि विमा ७,०००, मिळून १,७५,०००. शुल्क ३५,०००, अधिभार ३,५००, बेरीज २,१३,५००. त्यावर आयजीएसटी ३८,४३०. एकूण २,५१,९३०. इथवर कार्डाचा खर्च धरलेलाच नाही. परकी चलनात पैसे भरताना बँका साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. १,७५,००० वर ३.५ टक्क्यांनी ६,१२५, वर जीएसटी सुमारे १,१००. म्हणजे २,५९,००० च्या आसपास. वर कुरियर कंपनीचं क्लिअरन्स शुल्क वेगळं, कारण ड्युटी आधी ती भरते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. ६८ हजारांची बचत वाटली होती ती अशी विरघळते.

यात एक खोच आहे. कस्टमच्या दरपत्रकात प्रत्येक वस्तूला शीर्षक क्रमांक असतो. कॅमेऱ्याचं स्वतःचं शीर्षक ८५२५. पण वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा कुरियरने आलेली वस्तू ९८०४ या वेगळ्या शीर्षकाखाली टाकली जाते आणि तिथले दर वेगळे असतात. २०२४ मध्ये ९८०४ खाली आयजीएसटी २८ टक्के होता, तर कॅमेऱ्यावर देशात १८. (देशातला दरही आधी २८ च होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला.) म्हणून ऑर्डर देण्याआधी कुरियर कंपनीच्या क्लिअरन्स विभागाला फोन करून ‘कोणत्या शीर्षकाखाली बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम कागद) भरणार’ हे विचारून घ्यावं, आणि त्या दिवशीचे दर वरच्या गणितात घालावेत. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न करता ऑर्डर टाकणारे फार.

कॅमेऱ्यावरची ड्युटी हा सरळ विषय कधीच नव्हता. डिजिटल स्थिरचित्र कॅमेऱ्यांना ड्युटीतून सूट होती. २०१२ साली तिच्यात व्याख्या घातली गेली : ८०० बाय ६०० पिक्सेल, सेकंदाला किमान २३ फ्रेम आणि सलग किमान ३० मिनिटं व्हिडिओ घेऊ शकणारा कॅमेरा सूट मिळण्याजोगा नाही. त्या सुमाराच्या आयातीवरून नोटिसा निघाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोटीस काढण्याचा अधिकार कोणाचा या मुद्द्यावर ९ मार्च २०२१ रोजी आयातदार कंपन्यांच्या बाजूने निकाल लागला आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पुनर्विलोकनात तो फिरला. जुन्या मॉडेलांवर २९ मिनिटं ५९ सेकंदांची व्हिडिओ मर्यादा दिसते, ती युरोपातल्या अशाच कररचनेमुळे. सांगायचं इतकंच की दिसायला सारख्या दोन कॅमेऱ्यांवर ड्युटी वेगळी पडू शकते. ‘माझ्या मित्राला इतकीच लागली होती’ यावर विसंबू नये.

पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहून पाठवायची सूचना अजूनही कोणी ना कोणी देतो. ती वाट बंद झाली आहे. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढली गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढेच अपवाद राहिले. किंमत कमी लिहून पाठवायला सांगणं तर दुहेरी धोक्याचं. अधिकारी मॉडेल नंबर पाहून बाजारभाव काढतात, माल अडकतो, दंड लागतो. आणि वाटेत पेटी हरवली तर विमा मिळतो लिहिलेल्या किमतीएवढाच. कॅमेऱ्यासोबत ड्रोन मागवायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. परदेशी ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

तरीही मागवायचंच ठरलं तर तयारी अशी. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करावे लागतात. मार्च २०२० पासून नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू करून मिळतात. परदेशी दुकानाच्या व्यवहाराला ओटीपी येईलच असं नाही, म्हणून काम झालं की ती सोय लगेच बंद करावी. कुरियरला केवायसी लागतं, आधार किंवा पॅन. नाव आणि पत्ता ऑर्डरवर आणि कागदपत्रावर सारखेच हवेत. ‘राजू’ नावाने ऑर्डर आणि आधारवर ‘राजेंद्र’ असेल तर माल सहारच्या टर्मिनलवर पडून राहतो. पोस्टाने आला तर बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून जातो. बॅटरी कॅमेऱ्याच्या पेटीतलीच असू द्यावी. सुट्या लिथियम बॅटऱ्यांचे हवाई वाहतुकीचे नियम कडक आहेत, दोन जादा बॅटऱ्या ऑर्डरमध्ये टाकल्या की अख्खं पार्सल रखडू शकतं.

आता दुसरी वाट : ‘भाऊ डिसेंबरात येतोय, त्याच्याकडून मागवू.’ पुण्या-मुंबईच्या घरोघरी ही वाट ठाऊक आहे, आणि तिन्हींमध्ये नुसत्या हिशेबाने हीच सगळ्यात स्वस्त पडते. २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान ड्युटीतून मोकळं होतं आणि वरच्या रकमेवर ३५ टक्के ड्युटी अधिक तिच्या १० टक्के अधिभार, म्हणजे ३८.५ टक्के लागत. (मोकळी रक्कम २०२६ च्या नव्या नियमांत वाढली आहे. येणाऱ्याने प्रवासाच्या दिवशीचा आकडा पाहावा.) १,६०,००० च्या बॉडीवर हिशेब असा : १,१०,००० वर ३८.५ टक्के, म्हणजे ४२,३५०. एकूण २,०२,३५०. त्यात तिकडचा विक्रीकर मिळवायचा. अमेरिकेत तो सहसा परत मिळत नाही. सिंगापूरला आणि जपानला पर्यटकांसाठी कर परतीची किंवा सवलतीची सोय असते, हाँगकाँगला विक्रीकरच नाही.

नवरा-बायको दोघं येत असतील तर दोघांची मोकळी रक्कम एकत्र करून एक कॅमेरा आणता येत नाही, प्रत्येकाची वेगळी मोजतात. ‘मी फोटोग्राफर आहे, हे माझं व्यावसायिक साहित्य’ हेही चालत नव्हतं. २०१६ च्या नियमांत ती सवलत सुतार, प्लंबर, गवंडी यांच्या हत्यारांना होती आणि व्यावसायिक साहित्याच्या व्याख्येतून कॅमेरा नाव घेऊन वगळला होता. बिल जवळ ठेवून विमानतळावर लाल मार्गाने (ड्युटीचं सामान असणाऱ्यांच्या) जावं, ड्युटी भरून पावती घ्यावी. हिरव्या मार्गाने निघून जायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पकडलं गेल्यावर माल जप्त होतो, आणि त्रास आपल्या माणसाला होतो, तेही चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर. नातेवाइकाला काम सांगताना ड्युटीचे पैसे आधीच त्याच्या हातात देणं हे आपलं काम आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. इथे घेतलेला महागडा कॅमेरा परदेशी नेताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घेतलं की परत येताना प्रश्न उरत नाही. सिरियल नंबर त्यावर लिहून घेतात, म्हणून बॉडी आणि लेन्स चेक-इन सामानात टाकायच्या आधी हे करावं.

पैशाच्या हिशेबानंतरचा प्रश्न वॉरंटीचा, आणि माझ्या मते खरा निर्णय तिथे होतो. बहुतेक कंपन्यांच्या बॉडीची वॉरंटी ज्या देशात विकली त्या देशापुरती असते. परदेशी बिलावरचा कॅमेरा इथल्या सेवा केंद्रात नेला तर दुरुस्ती पैसे भरून होते, आणि ग्रे मार्केटचा (कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला) माल असेल तर पैसे भरूनही घेतील याची खात्री नाही. शटर किंवा मदरबोर्ड पहिल्या वर्षात गेला तर वाचवलेले सगळे पैसे एका दुरुस्तीत जातात. माल परत पाठवायचा म्हटलं तर वाहतूक आपली. भरलेली ड्युटी परत मिळायची तरतूद सीमाशुल्क कायद्याच्या कलम २६अ मध्ये आहे, पण त्यासाठी माल मंजुरीनंतर ३० दिवसांत बाहेर जायला हवा, न वापरलेला, आणि तोच नग आहे हे सिद्ध व्हायला हवं. एका कॅमेऱ्यासाठी हे करायचं तर कस्टम एजंटची फी आणि खेपा धरून हाती फारसं काही लागत नाही.

आणखी एक अडचण पेटी उघडेपर्यंत कळत नाही. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठीच्या सोनी बॉडींचे मेनू सहसा फक्त जपानी भाषेत असतात, आणि भाषा बदलायचा पर्यायच नसतो. स्वस्त मिळाला म्हणून तोक्योहून आणलेला कॅमेरा लग्नाच्या मांडवात दुसऱ्या फोटोग्राफरच्या हातात देता येत नाही. व्हिडिओ करणाऱ्यांनी पाल आणि एनटीएससी या व्हिडिओच्या दोन पद्धतींपैकी कोणती आहे ते तपासावं. आपली वीज ५० हर्ट्झची. ३० किंवा ६० फ्रेमवर ठेवलेला कॅमेरा हॉलच्या ट्यूबलाइटखाली लुकलुकतो. पालमध्ये २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की थांबतं. बहुतेक बॉडींत हे बदलता येतं, पण बदलताना काही बॉडी कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, म्हणून कामाच्या आदल्या दिवशीच करून घ्यावं. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतो, फक्त पिन बदलावी लागते.

म्हणून बॉडी आणि मुख्य लेन्स इथेच घ्यायची ठरली. सीएसएमटीवरून चालत बोरा बाजारात जाता येतं. शनिवारी संध्याकाळी जाऊ नये, आठवड्यातल्या दुपारी जावं. दुकानदाराला वेळ असतो, आणि पेटी उघडून तपासायला तो खळखळ करत नाही. भाव विचारताना एकच वाक्य : ‘पक्क्या बिलासकट, कंपनीच्या इंडिया वॉरंटीचा पीस, हातात किती पडणार?’ यातला एकही शब्द गाळला तर आकडा बदलतो. बिलाविना भाव कमी सांगतात. ‘इम्पोर्टेड पीस, दुकानाची वॉरंटी’ आणखी कमी. दुकानाची वॉरंटी म्हणजे त्या दुकानदाराचा शब्द. कंपनीला त्याच्याशी देणं-घेणं नाही.

बॅग, ६४ जीबीचं कार्ड, ट्रायपॉड असं फुकटचं सामान दाखवलं की ते नको म्हणून तेवढी रक्कम कमी मागावी. फुकटचं कार्ड बहुधा संथ असतं, ४के व्हिडिओला अडखळतं. किट लेन्ससह पेटी घेत असाल तर लेन्स पेटीतलीच आहे ना पाहावं. किट फोडून बॉडी वेगळी आणि लेन्स पांढऱ्या खोक्यात वेगळी विकायची पद्धत आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग लेन्सचा सिरियल नंबर बिलावर स्वतंत्र हवा. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाएवढी सूट आधी देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्या खिशातून जाते. रोख भाव आणि हप्त्याचा भाव वेगवेगळे लिहून घ्यावेत.

जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओसाठी तर प्रश्न इथेच मिटतो. २,३६,००० च्या बिलात ३६,००० कर असतो. बिलावर आपला जीएसटी क्रमांक घातला आणि कॅमेरा व्यवसायात वापरला की तो जमा मिळतो, खरी किंमत दोन लाख पडते. बिल फाटल्यावर क्रमांक घालायला दुकानदार नाखूश असतो, म्हणून आधीच सांगावं. कुरियरने वैयक्तिक म्हणून आणलेल्या मालावर हा परतावा मिळत नाही. व्यवसायासाठी आयात करायची तर आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक काढून, बिल ऑफ एन्ट्रीवर जीएसटी क्रमांक घालून करावी लागते.

पेटी समोर आली की आधी बाहेरून वाचायची. अधिकृत आयातीच्या मालावर एक स्टिकर असतो : आयातदाराचं नाव आणि पत्ता, निर्मितीचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहित, मूळ देश, ग्राहक सेवेचा संपर्क. वेष्टित वस्तूंच्या वजनमापे नियमांनी तो बंधनकारक आहे. ग्रे मालावर हा स्टिकर नसतो किंवा नुसतीच किंमत चिकटवलेली असते. मग सिरियल नंबर तीन ठिकाणी जुळवायचा : पेटीवर, बॉडीच्या तळाला किंवा उघडणाऱ्या स्क्रीनच्या मागे, आणि वॉरंटी कार्डावर. चौथं ठिकाण बिल. अक्षर अन् अक्षर मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. शून्य आणि ओ यांचा घोळ झाला की वॉरंटीची नोंदणी अडते.

मग चाचण्या. स्वतःचं कार्ड नेलं होतं. लेन्सला टोपी लावून आयएसओ १६०० वर एक सेकंदाचं छायाचित्र, ते स्क्रीनवर पूर्ण मोठं करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघायचं. लाल, निळा, पांढरा ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी आला तर तो हॉट पिक्सेल. एखाद-दुसरा चालतो, पुंजका चालत नाही. सेन्सरवरच्या धुळीसाठी लेन्सचं छिद्र (अपर्चर) १६ वर, फोकस हाताने अनंतावर, समोर पांढरी भिंत, शटर अर्ध्या सेकंदाचं, आणि ते उघडं असताना कॅमेरा किंचित हलवायचा. भिंतीचे पोपडे पुसट होतात आणि धूळ असेल तर गोल करडे डाग जागच्या जागी स्पष्ट उरतात. चित्रक्रमांक शून्यापासून सुरू झाला म्हणजे कॅमेरा कोरा आहे असं मात्र मानू नये, तो क्रमांक परत शून्य करता येतो.

लेन्ससाठी दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या जुन्या इमारतीचा दर्शनी भाग टिपला, छिद्र पूर्ण उघडं, कॅमेरा भिंतीला समांतर. खिडक्यांचे गज चारही कोपऱ्यांत सारखे कोरीव दिसायला हवेत. पहिल्या नगात उजवीकडचा खालचा कोपरा लोण्यासारखा मऊ आला, बाकी तीन स्वच्छ. लेन्समधली काच किंचित सरकलेली असली की असं होतं. झूममध्ये हा दोष नव्या मालातही आढळतो. कुठल्याही टोकाला आणि कितीही वेळा घेतलं तरी तोच कोपरा. दुसरा नग मागितला, पुन्हा तीच चाचणी घेतली, तो बरोबर निघाला. परदेशी पेटीच्या बाबतीत हा दुसरा नग मिळायला महिना आणि दुहेरी वाहतूक लागली असती.

परदेशातून घ्यावं असं काही उरतंच नाही का? उरतं. इथे विकलीच जात नाहीत अशा वस्तू : हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स, फिल्म कॅमेरे, एखादा विशिष्ट अॅडॉप्टर, पाण्याखालचं केसिंग. जपानी विक्रेते जुन्या लेन्सचं वर्णन बारकाईने करतात. बुरशी, धूसरपणा आणि धूळ यांच्या तीन वेगळ्या नोंदी असतात, त्या तिन्ही वाचाव्यात. धूळ चालते. धूसरपणा प्रकाशाविरुद्ध चित्र मारून टाकतो. बुरशीची लेन्स कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात आणूच नये. जुन्या वस्तूवरही ड्युटी लागते, वर दाखवलेल्या त्याच रीतीने, म्हणून १०० डॉलरच्या लेन्सचा अंदाज वाहतुकीसह दीडपट ते पावणेदोनपट धरून ठेवावा. आली की पेटी उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्यावा, लेबलपासून लेन्सपर्यंत. मग अंधाऱ्या खोलीत छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च तिरकी मारावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर त्याच दिवशी विक्रेत्याला छायाचित्र पाठवावं, आणि ती लेन्स बाकीच्या लेन्सच्या कपाटात एक रात्रही ठेवू नये.